आर्लिसचं कार्ड

"ही फाइल आज बंद होणार आहे, की तिचं लोणचं घालायचंय?" ट्रिशाने दारातूनच विचारलं.

"कारण लिहिलेलं नाही," आर्लिस म्हणाली. तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "कारण कळल्याशिवाय मी कोड देणार नाही."

"लिहिलंय की. संसर्गानंतरचं. मी स्वतः वाचलं."

"ते डॉक्टरांनी मागच्या नोंदीवरून उचललंय. मागच्या नोंदीत ते त्याच्याही मागच्या नोंदीवरून आलंय."

"मग झालं तर. तीन ठिकाणी आहे."

"एकाच ठिकाणी आहे, ट्रिशा. बाकीच्या दोन नकला आहेत."

ट्रिशाने सुस्कारा सोडला आणि ती आपल्या खोलीत गेली. बाई वाईट नव्हती. या विभागाची ती प्रमुख होती, आणि किती फायली उघड्या पडल्या आहेत याचा आकडा तिला दर शुक्रवारी वरच्या मजल्यावर कळवावा लागे. एकेकाळी या तळघरात अकरा जणी बसत. आता दोघीच उरल्या होत्या. त्यामुळे कोड देणं, जुनी कागदपत्रं सांभाळणं आणि खिडकीत येऊन नकला मागणाऱ्यांना नकला देणं, सगळं आर्लिसच्याच गळ्यात होतं.

आर्लिस लाहती त्रेसष्ट वर्षांची होती. त्यातली चौतीस वर्षं तिने टिमरमन या खाणगावातल्या इस्पितळाच्या तळघरात काढली होती. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा नेमका आकडा द्यायचा, हे तिचं काम. पाय मोडला तर कुठला, कुठे आणि कशाने, याचा वेगळा आकडा. कुत्रा चावला तर वेगळा, बदक चावलं तर त्याहून वेगळा. टिमरमनच्या तळ्याकाठी हा बदकाचा आकडा तिने सात वेळा वापरला होता आणि दर वेळी तिला हसू आलं होतं. हे आकडे विमा कंपनीकडे जात, राज्याकडे जात, आणि अलीकडे पेशंटच्या हातात पडणाऱ्या कागदावर शब्दांत छापूनही येत.

या कामाचे नियम कडक होते. डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. कोड देणारीने आपली अक्कल पाजळायची नाही. शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, पण असं की उत्तर त्यांच्या तोंडात घातलं जाणार नाही. उपासाच्या शुक्रवारी मांसाला न शिवणाऱ्या बायका गावात बऱ्याच होत्या; आर्लिस चर्चला क्वचित जायची, पण हे नियम ती त्याच निष्ठेने पाळायची.

समोरची फाइल रूडी ग्रेगोरिचची होती. वय चौऱ्याहत्तर, लोखंडाच्या खाणीतून निवृत्त. मूत्रमार्गात व्रण धरून तो मार्ग अरुंद झालेला. पंधरा वर्षं हा माणूस लघवीला जीव मुठीत धरून बसत होता. दर वर्षा-दीड वर्षाने सळया घालून वाट रुंद करायची, दोनदा आतून छेद दिला, आणि दर वेळी व्रण पुन्हा आवळला. शेवटी मागच्या आठवड्यात डॉ. लिंडस्टेडने बाहेरून शस्त्रक्रिया केली आणि गालाच्या आतली त्वचा काढून तिथे ठिगळ लावलं. सुरेख काम, आणि लिहिलंही तितकंच सुरेख. फक्त कारणाच्या जागी एक ओळ: 'पूर्वीच्या नोंदीनुसार संसर्गोत्तर.'

असा संसर्ग म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, गुप्तरोग, आणि तो नवऱ्याने बाहेरून घरात आणलेला असतो. पण रूडीचा व्रण आखूड होता आणि नेमका त्या जागी होता, जिथे माणूस कशावर तरी पाय दोन्हीकडे टाकून आदळला की मार बसतो. आर्लिसने असे शेकडो अहवाल वाचले होते. तिला हे दिसत होतं, पण म्हणायची परवानगी नव्हती. तिने नियमाप्रमाणे डॉक्टरांना प्रश्न पाठवला. कारण कोणतं: इजा, संसर्ग, पूर्वीची एखादी प्रक्रिया, इतर, की ठरवता येत नाही? तासाभरात उत्तर आलं. शेवटच्या पर्यायावर खूण.

तेवढ्यात खिडकीची घंटा वाजली.

खिडकीत लॉरेटा ग्रेगोरिच उभी होती. आर्लिस तिला ओळखत होती, गावात ओळखतात तशी. लॉरेटाने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम केलं होतं, आणि नाताळच्या बाजारात तिच्या अक्रोड भरलेल्या पोतीत्सा पावासाठी लोक सकाळपासून रांग लावत. आज तिच्या पापण्यांवर बर्फ होतं आणि बगलेत किराणा दुकानाची पिशवी.

"रूडीचे सगळे कागद हवेत," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासूनचे. हा फॉर्म. त्याची सही आहे. हल्ली पुढे ठेवीन त्यावर सही करतो."

"वीस वर्षांहून जुनं सगळं मायक्रोफिल्मवर आहे. शोधावं लागेल. गुरुवारपर्यंत दिलं तर चालेल?"

"चालेल." लॉरेटा हलली नाही. तिने खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. "नोव्हेंबरात तपासणीच्या वेळी हा हातात दिला. इतकी वर्षं नुसतं स्ट्रिक्चर, स्ट्रिक्चर म्हणायचे. या वेळी 'संसर्गोत्तर' असं अख्खं छापून आलं. हा शब्द मी वाचनालयातल्या कंप्युटरवर जाऊन पाहिला. घरी बघायची लाज वाटली. हे लिहितं कोण हो?"

आर्लिसने कागदाकडे पाहिलं. "डॉक्टर लिहितात. आम्ही त्याचे आकडे करतो."

"आकडे होय?" लॉरेटाने ओठ आवळले. "त्र्याऐंशी साली खाण बंद होती ना, तेव्हा हा पाच महिने वायोमिंगला कामाला गेला होता. नोव्हेंबरपासून मी ते पाच महिने रोज मोजतेय. कुठल्या आठवड्यात फोन आला, कुठल्यात नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे फोन! डोकं फिरायची वेळ आलीय माझी."

"ते काय म्हणतात?"

"म्हणतो, पडलो होतो. खाणीत, क्रशरमध्ये, लोखंडी तुळईवर, दोन्हीकडे पाय टाकून. कधी? तर म्हणे अठ्ठ्याण्णवच्या मार्चात. मला तेव्हा सांगितलं होतं की गाडीतळावर बर्फावर घसरलो, मांडी काळीनिळी झालीय. आता म्हणतो क्रशर. मग हे काय?"

तिने पिशवीतून एक जॅकेट काढून फळीवर आपटलं. तपकिरी, जाड, पाठीवर पिवळ्या दोऱ्याने भरलेली अक्षरं: क्रशर, ब तुकडी, ३६५ दिवस, एकही अपघात नाही. त्याखाली वर्ष होतं, १९९८.

"जूनमध्ये कंपनीने मेजवानी देऊन वाटली ही. मी होते तिथे. वर्षभरात तुकडीत कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, म्हणून. तो मार्चात पडला असता तर हे मिळालं असतं? सत्तावीस वर्षं मी हे धुतेय. खोटं बोलायचं तर निदान जॅकेट आधी लपवायचं!"

त्या जॅकेटांसाठी माणसं काय काय करत हे आर्लिसला चांगलं ठाऊक होतं. तिचा नवरा वेन त्याच खाणीत ट्रक चालवायचा. त्याने दोन मोडलेली बोटं हातमोज्यात कोंबून नऊ दिवस गाडी हाकली होती, कारण तुकडीचा तीनशे चाळिसावा दिवस चालू होता. एकाने अपघात नोंदवला की साऱ्या तुकडीचे दिवस पुन्हा शून्यापासून. मग कोण नोंदवणार? पण खिडकीतून हे सांगणं तिचं काम नव्हतं.

"गुरुवारी या," ती म्हणाली.

"गाडीत मी हल्ली मागे बसते," लॉरेटा जॅकेटाची घडी करत म्हणाली. "गावाला वाटतं, गुडघा धरतो म्हणून पाय पसरायला बसते. वाटू दे."

ती गेल्यावर आर्लिसने रूडीची नोंद मागे मागे ढकलायला सुरुवात केली. २०१८, २०१५, २०१२, २०१०. संसर्ग, संसर्ग, संसर्ग. पहिली नोंद २०१० च्या वसंतातली होती. डॉक्टरांच्या टिपणात कारणाचा एक शब्दही नव्हता. नुसतं 'मूत्रमार्ग अरुंद.' आणि त्यापुढे जुन्या पद्धतीचा कोड, पाचशे अठ्ठ्याण्णव, दशांश शून्य शून्य. कोड देणारीची अक्षरं: आ. ला.

मग तिने खालचा खण उघडला. पेन्सिली आणि घशाच्या गोळ्यांच्या खाली ते होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टणातलं, कडा पिवळी पडलेलं कार्ड.

आर्लिसचं कार्ड. ब्याण्णव साली तिने ते स्वतः केलं होतं. कोडांचं पुस्तक विटेएवढं जाड होतं आणि नव्या मुली त्यात गुदमरायच्या. म्हणून तिने नेहमी लागणारी साठ दुखणी निवडली, एकेका ओळीत एकेक कोड लिहिला आणि अकराही टेबलांवर कार्डं वाटली. तेव्हाच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. 'आर्लिसचं कार्ड बघ' हा या तळघरातला परवलीचा शब्दच होऊन गेला होता.

अडतिसावी ओळ: मूत्रमार्ग अरुंद, ५९८.००. पुस्तकात या दुखण्याचं एक छोटं कुटुंब होतं. संसर्गामुळे, इजेमुळे, शस्त्रक्रियेनंतर, आणि शेवटी कारण न नोंदलेलं. तिने त्यातला पहिला उचलला होता, कारण तो पहिला होता. अवघ्या एकतीस वर्षांची होती ती. आणि ओळीत जागा एकाच आकड्याची होती. पुढे पंधरा साली सगळे कोड बदलले, तेव्हा संगणकाने जुन्यावरून नवे केले. जुन्यात संसर्ग होता, म्हणून नव्यातही संसर्ग आला.

तिने संगणकाला विचारलं: असे किती? संगणकाने विचार न करता सांगितलं. एकेचाळीस.

एकेचाळीस पुरुष. त्यातल्या काहींना खरंच संसर्ग झाला असेल. बाकीचे घोड्यावरून, सायकलवरून, तुळईवरून पडले असतील. काहींना इथल्याच नळीने जखम झाली असेल. कोणाला काय, हे आता कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेलेल्या बाईला स्वतःच्या चुकीचा आकडा असा एका दमात मिळाला. तिला मनापासून लाज वाटली. मग राग आला, आणि तो लाजेपेक्षा कामाचा निघाला.

फिल्मची खोली बॉयलरच्या मागे होती. खोक्यांवर लाल चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या: 'नष्ट करणे, शुक्रवार.' कायद्याने ठेवायची मुदत कधीच उलटली होती आणि खोली दुसऱ्या कामाला हवी होती. आर्लिसने मार्च अठ्ठ्याण्णवचं रीळ जुन्या यंत्रावर चढवलं आणि मूठ फिरवायला लागली. अकरा मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, तातडीचा कक्ष. ग्रेगोरिच, रुडॉल्फ. डॉक्टरांचं वेडंवाकडं अक्षर: कामावर असताना लोखंडी तुळईवर पाय दोन्हीकडे पडून आदळला, मूत्रमार्गातून रक्त, खाली मोठी सूज. आणि त्याखाली नर्सचं गोल, स्वच्छ अक्षर: 'पेशंटची विनंती, खाणीला कळवू नये. पत्नीलाही नको. बर्फावर घसरलो असं तो स्वतः घरी सांगणार आहे.'

बुधवारी डॉ. लिंडस्टेड डुलुथहून आला. आठवड्यातून दोनच दिवस यायचा, आणि त्या दिवशी त्याला गाठायची एकच जागा होती, ती म्हणजे उपाहारगृहाची रांग. आर्लिस ट्रे घेऊन त्याच्या मागे उभी राहिली.

"डॉक्टर, ग्रेगोरिचबद्दल मी पुन्हा प्रश्न पाठवलाय."

"मी उत्तर दिलंय. ठरवता येत नाही." त्याने बटाट्याच्या हॉटडिशचा मोठा चमचा ताटात घेतला. "तुम्हाला काय उत्तर हवंय ते सांगा ना, लिहून टाकतो. एवढं काय त्यात!"

"तेच तर मी सांगू शकत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहितीय?"

"मला काहीही माहीत नाही. मी तळघरातली बाई. मी फक्त कागद दाखवू शकते." तिने ट्रेवर फिल्मची छापील प्रत ठेवली, त्याच्या कोशिंबिरीला टेकवून.

त्याने उभ्याउभ्या वाचलं. मागची रांग खोळंबली. एक वॉर्डबॉय खाकरला.

"हे सत्तावीस वर्षं कुठे होतं?"

"खाली."

"आणि मग त्याच्या नोंदीत संसर्ग घातला कोणत्या शहाण्याने?"

"मी," आर्लिस म्हणाली.

डॉक्टरने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "जखमेनंतर बारा-बारा वर्षांनी व्रण आवळतो कधीकधी," तो हळू आवाजात म्हणाला. "जागाही तीच आहे. मी सुरी लावण्याआधी माणसाला दहा प्रश्न विचारतो, आणि याला एवढं विचारलं नाही. छापलेलं दिसलं, पुढे गेलो."

"आपण दोघंही तेच केलं," ती म्हणाली. "तुमचं हॉटडिश गार होतंय."

दुपारी नोंदीत त्याची पुरवणी आली: 'मूळ कागद पाहिला. कारण इजा.' आर्लिसने नवा कोड घातला. नव्या पद्धतीत या दुखण्याचे कोड पस्तीसच्या घरात होते; त्यातला एक आकडा जाऊन दुसरा आला. एवढंच.

गुरुवारी सकाळी ट्रिशा हातात एक कागद घेऊन आली. चेहरा ओढलेला होता.

"एकेचाळीस नावांची यादी काढलीस म्हणे. आणि फिल्मच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या कोणी काढल्या?"

"मीच. खोक्यांवर माझं नाव आणि तारीख लिहिलीय. कोणी काढल्या असा प्रश्न पडायला नको."

"आर्लिस, त्या नोंदी बंद झाल्यात! कोणी तक्रार केलीय का? नाही ना? मग कशाला उकरतेस? त्यातले बारा जण वारलेत. मेलेल्यांचं दुरुस्त करून काय मिळणार तुला?"

"त्यांच्या बायका आहेत."

"वरच्यांना कळलं तर ते वकील बोलावतील."

"बोलावू देत. त्यांनाही कार्ड दाखवते."

"तुला निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलंय गं!" ट्रिशा जवळजवळ ओरडलीच. तिला खरोखर काळजी वाटत होती, आणि त्यामुळे तिचा आवाज जास्तच चढला. "गप बस की! कोणाचं काय अडलंय?"

"परवा एक बाई या खिडकीत उभी राहून चाळीस वर्षांपूर्वीचे फोन मोजत होती. तिचं अडलंय."

ट्रिशाने कागद टेबलावर ठेवला. लेखी ताकीद होती. आर्लिसने चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग परत तिच्याकडे सरकवली.

"ही अशी नाही घेता येणार."

"का?"

"कारण लिहिलेलं नाही. नुसतं 'अयोग्य वर्तन.' कुठलं, कधी, कशामुळे? मोघम चालत नाही आपल्याकडे. नीट लिहून आण, मी सही करते."

ट्रिशा कागद घेऊन गेली. पंधरा मिनिटांनी परत आली ती रिकाम्या हाताने. "लिहायला बसले," ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली. "कारण लिहिलं. जुन्या चुकीची नोंद दुरुस्त केली म्हणून. मग वाचून बघितलं." ती आत येऊन खुर्चीत बसली. "खोकी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केलाय. पुढच्या महिन्यात ये म्हटलं. त्यापुढे मी काही करू शकत नाही."

"पुरे आहे," आर्लिस म्हणाली.

अकरा वाजता लॉरेटा आली. आर्लिसने पाकीट खिडकीतून दिलं नाही. दार उघडून ती बाहेर बोळात आली आणि दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. लॉरेटाने अकरा मार्चचा कागद वाचला. शेवटच्या दोन ओळींवर तिचं बोट थांबलं.

"पत्नीलाही नको," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा संसर्ग?"

"तो मी लिहिला. डॉक्टरांनी नाही. या कार्डावरून." आर्लिसने कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. "हे मी केलं होतं. अडतिसावी ओळ बघा. कोणी तपासलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. नाव आर्लिस लाहती. तक्रार करायची असेल तर हेच नाव घाला. स्पेलिंग लिहून देते."

लॉरेटाने कार्डाकडे पाहिलं आणि मग आर्लिसकडे. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. "या एवढ्याशा ओळीने?" एवढंच म्हणाली. आणि जरा वेळाने, "तो बाहेर गाडीत आहे. आत यायला तयार नाही. जे मला सांगितलंत ते त्याला सांगा."

बाहेर शून्याखाली वीस होतं. आर्लिस कोट न घालताच गेली. गाडीतळाच्या टोकाला चार दारांचा निळा पिकअप धूर सोडत उभा होता. रूडी ग्रेगोरिचने काच खाली केली. गाल अजून सुजलेला, सैल विजारीखालून नळी पायाजवळच्या पिशवीत गेलेली. ती झाकायला त्याने मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं.

"वेनची बायको ना तुम्ही?" तो जड जिभेने म्हणाला. "कोट कुठाय, बाई?"

"तुमच्या कागदावर संसर्ग मी लिहिलं होतं. न बघता. चूक माझी आहे. काल डॉक्टरांनी बदललं. आता तिथे इजा आहे, पडल्यामुळे."

रूडीने समोरच्या काचेतून बर्फाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "मी हिला हे नोव्हेंबरात सांगितलं होतं. तेव्हा कागद नव्हता." त्याचा आवाज चढला नाही. "एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला. कागद लागला."

लॉरेटा आर्लिसच्या मागे उभी होती. तिचा चेहरा लाल झाला, आणि तो थंडीने नव्हता.

"आणि तू?" ती म्हणाली. "बर्फावर घसरलो म्हणालास. मी पंधरा दिवस तुझ्या मांडीला शेक दिला, तेव्हाही बर्फावरच घसरला होतास! सत्तावीस वर्षं! एका जॅकेटासाठी!"

"जॅकेटासाठी नाही. तुकडीत अठरा माणसं होती."

"आणि मी कुठे होते त्यात?"

रूडीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी नुसती गुरगुरत राहिली.

लॉरेटा पुढून वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. ती मागच्या दाराशी जाईल असं आर्लिसला वाटलं होतं. पण तिने पुढच्याला हात घातला. तीन महिने न उघडलेलं ते दार बर्फाने चिकटलं होतं. तिने ओढलं, हललं नाही. तेव्हा रूडी टाके सांभाळत, दात आवळत आडवा झाला आणि त्याने ते आतून ढकललं. दुसऱ्या धक्क्याला बर्फ कडाडून फुटलं. लॉरेटा चढून बसली. तिने पिशवीतून जॅकेट काढलं, त्याच्या मांडीवरचं वर्तमानपत्र उचलून मागे टाकलं आणि नळीवर जॅकेट पसरलं, अक्षरं खाली करून.

"असे अजून किती जण आहेत?" रूडीने काच वर करता करता विचारलं.

"चाळीस."

"मग इथे काय उभ्या राहिलात?"

आर्लिस आत आली. बोटं इतकी बधिर झाली होती की यादीवरची पेन्सिल दोनदा हातातून सुटली. तिने पहिल्या, रूडीच्या नावावर रेघ मारली आणि दुसरं वाचलं. हा माणूस सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याची बायको थर्ड स्ट्रीटवर एकटी राहायची. आर्लिसने बोटांवर फुंकर घातली, बॉयलरमागच्या खोलीत जाऊन खोकं काढलं आणि रीळ यंत्रावर चढवलं.